चारशे सतरा नंबरच्या दीर्घिकेचा गाभा

माझ्या थोरल्या नातीचं लग्न झालं, ते साल २०५८. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी धाकट्या नातीला, शर्वरीला, घेऊन मी वेधशाळेत गेलो. माझा भाऊ सोपान तिथला शास्त्रज्ञ. आजारी होता, पण खाट तिथेच टाकून घेतली होती.

“४१७ नंबरची दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचा समूह) पुढं निरखायच्या दीर्घिकांच्या यादीतून काढतो,” निवड्या नावाचा यंत्रमानव म्हणाला. “गाभा शांत आहे. पाचला यादी बंद.”

“हात तर लाव!” सोपान ओरडला. “तीस वर्षं सांगतोय, तिथलं कृष्णविवर वायू गिळतंय. गिळताना वायू तापून चकाकतो. तो सक्रिय गाभा!”

“मग दिसत का नाही?” शर्वरीनं विचारलं.

“ती फार लांब आहे, पोरी. सगळी मिळून एक ठिपका. गाभ्याचा प्रकाश ताऱ्यांच्या प्रकाशात बुडतो.”

“ताऱ्यांचा प्रकाश मी वजा केला,” निवड्या म्हणाला. “काही उरलं नाही.”

मी जन्मभर तेल विकलं. आधी रिकाम्या डब्याचा धडा करायचा, म्हणजे दुसऱ्या पारड्यात डब्याइतकं वजन टाकायचं, मगच तेल ओतायचं. मी विचारलं, “धडा कुठल्या डब्याचा केलास?”

“एकच आहे. म्हाताऱ्या ताऱ्यांच्या दीर्घिकेचा. सगळ्यांना तोच.”

“पितळी बरणीचा धडा पत्र्याच्या डब्याला? बाजारात मार खाशील!”

सोपान खाटेवर उठून बसला. मग म्हणाला, “दादा, तो धडा मीच ठरवला होता.”

“मग आता मोड की!”

शर्वरी पडद्याशी बसली. ४१७मध्ये तरुण तारे जास्त. त्यांच्या वर्णपटात (रंगांत पसरलेल्या प्रकाशात) एका जागी खोल खड्डा असतो. गाभ्याची तेजस्वी रेष नेमकी त्याच जागी येते, आणि खड्ड्यात बुजून जाते. तिनं तरुण ताऱ्यांची, शांत गाभ्याची दुसरी दीर्घिका निवडली आणि तिचा प्रकाश ४१७च्या प्रकाशातून वजा केला.

पाच वाजायला चार मिनिटं कमी होती. पडद्यावर एक रुंद रेष उभी राहिली.

“इतकी रुंद रेष भन्नाट वेगानं फिरणाऱ्या वायूचीच,” निवड्या म्हणाला. “गाभा सक्रिय. ४१७ यादीत राहील.”

“आणि बाकीच्या?” शर्वरीनं दरडावलं. “शांत म्हणून काढलेल्या सगळ्या परत तपास. प्रत्येकीचा धडा वेगळा.”

सोपान हसला. “ऐक रे तिचं. मी ऐकतोय.”

त्या काढलेल्यांपैकी एकोणीस दीर्घिकांचे सक्रिय गाभे शर्वरीनं आतापर्यंत शोधले आहेत. काम चालू आहे.

माझा भाऊ सोपान ९ डिसेंबर २०५८ रोजी सकाळी वारला.