एक वाकडा नारिंगी पट्टा

मूर्तिकारांच्या चितार ओळीत त्या दिवशी माझे बैल सुटले.

लाकडाचे, वीतभर उंचीचे, चाकांवरचे अठरा बैल. तान्ह्या पोळ्याला पोरं दोरी बांधून ओढतात ना, तसले. पण कोरे, रंगाचा थेंबही न लागलेले. पोळा महिनाभरावर होता. पिशवीचा बंद तुटला आणि सगळे खडखडत उताराने निघाले... पुढे बैल, मागे मी, वरून श्रावणाची भुरभुर.

"थांब गा ऑटो. या बाईचे बैल सुटले."

एका तरुणाने मोटरसायकल रस्त्यात आडवी लावली होती. एका हाताने ऑटो थोपवून दुसऱ्या हाताने तो बैल उचलत होता, एकेक बैल स्वतःच्या शर्टाला पुसत होता.

"सतरा झाले."

"अठरा आहेत."

तो वाकला. अठरावा त्याच्याच गाडीखाली निघाला, पुढचं एक चाक गमावून. "हा माह्यामुळं लंगडा झाला," तो म्हणाला. मग ढिगाकडे पाहत, "घरी किती लेकरं हायेत तुमाले?"

"अठरा. सगळ्यात धाकटं एकसष्ट वर्षांचं."

तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसायचे, ओठ मागून यायचे. मी सांगितलं – दर शनिवारी मनीषनगरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये काहीजण रंगवायला बसतात. कोणाचा जोडीदार गेलेला, कोणाला आजाराने घरात कोंडलेलं. चित्र चांगलं यावं म्हणून नाही, माणूस बाहेर यावा म्हणून. मी तेच शिकले आहे, तेच करते.

त्याचं हसू विझलं. हातातला लंगडा बैल त्याने दिलाच नाही.

"माझे बाबा बोलत नाहीत," तो म्हणाला. "ते आले तर... चालन?"

त्याचं नाव जितेंद्र. खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला नोकरी. वडील रुपराव, पारशिवनीकडचे शेतकरी. हिवाळ्यात लकवा मारला. उजवा हात गेला आणि शब्दही गेले. आठ महिने ते लेकाच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून खालचं पार्किंग पाहत होते.

पहिले दोन शनिवार रुपराव हॉलमध्येही नुसते बसून राहिले. उजवा हात मांडीवर निजल्यासारखा, समोर तो लंगडा बैल. मी ब्रश पुढे केला नाही. रंगाची वाटी तेवढी दर वेळी बोटभर जवळ सरकवत गेले.

"काहीच करून नाही राहिले," जितेंद्र कुजबुजला.

"पाहून तर राहिले ना. तेही करणंच आहे."

"असं असन तर मीबी इथं लय काम करून राहिलो," तो म्हणाला. आणि त्याने बैलाकडे पाहिलं नाही...

मी ब्रश धुवायला उठले. धुतलेलेच ब्रश पुन्हा धुतले.

"काहून वं पोरी," कोपऱ्यातून आमच्या कामिनीआजी म्हणाल्या, "हा बापाले घेऊन येते, का बाप याले घेऊन येते?"

तिसऱ्या शनिवारी रुपरावांचा डावा हात उठला. ब्रश त्यांनी विळा धरावा तसा धरला, नारिंगी रंगात बुडवला. बैलाच्या वशिंडापासून शेपटीपर्यंत एक पट्टा... थरथरत, दोनदा तुटत, पाऊण तास. सगळा हॉल आपापलं काम सोडून त्या पट्ट्याकडे पाहत होता. कामिनीआजींना ओवी सुचली की थांबवत नाही. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या –

*वाकडी माझी वाट, बांधाबांधानं गं जाते,*
*उशीर लागे तिले, पण घराले येते.*

"वाकडा आला न पण," जितेंद्र माझ्या कानाशी म्हणाला.

"तुम्हाला वाकडा दिसतो. मला ते त्यांचं आठ महिन्यांतलं पहिलं वाक्य वाटतं."

जिन्यात तो थांबला. "मॅडम नाही म्हटलं तर चालन? मॅडम म्हटलं की मले आमच्या साहेब मॅडम दिसते, अन् भीती वाटते."

"उन्नती म्हणा. आणि थोडी भीती असलेली बरी."

"ते तर हायेच..." तो म्हणाला, आणि हेल्मेट उलटं घातलं.

पण चौथ्या शनिवारी त्याने पिशवीतून घरी नेलेला तो बैल काढला. लालभडक ऑइलपेंट. सोनेरी शिंगं. नवं चाक. पाठीवर पट्टी लावून आखावा तसा सरळ, झळझळीत पट्टा.

"तान्ह्या पोळ्याले सगळे पाहाले येतील न," तो उत्साहाने म्हणाला. "बाबाच्या बैलाले कोणी हसू नये. सुट्टीचा पूर्ण दिवस लावला. तुमालेबी आवडन वाटलं..."

रुपरावांनी बैल डाव्या हाताने उचलला. पाहिला. लेकासमोर ठेवला आणि उठले. काठी टेकत दारापर्यंत गेले. वळून पाहिलं नाही.

"त्या पट्ट्यात ते आले होते, जितेंद्र," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "तुम्ही त्यांनाच पुसून टाकलं."

त्याने बैल उचलला आणि तो वडिलांच्या मागे धावला.

आठवडाभर मी तेच बोल मनात घोळवत राहिले. खरं होतं ते. पण किती टोकदार. आणि आता रुपराव आले नाहीत तर? त्या गॅलरीतून त्यांना पुन्हा कोण उठवणार होतं?

पाचव्या शनिवारी जितेंद्र एकटा आला. दाढी वाढलेली.

"भिंतीकडे तोंड करून बसतेत. अर्धीच पोळी खातेत. इकडं चला म्हटलं की मान हलवतेत." त्याने बैल टेबलावर ठेवला. "पॉलिश पेपरनं घासला. वाटलं, खालचा नारिंगी निघन. नाही निघाला... तोही घासल्या गेला."

मी त्याच्यासमोर कागद ठेवला. "डाव्या हाताने एक रेघ मारा. सावकाश."

त्याने ब्रश धरला. ज्याला कंट्रोल रूममधला एक काटा जागचा हललेला खपत नाही, त्याची रेघ भरकटली, अडखळली, कागदाबाहेर गेली. कान लाल झाले त्याचे. अर्ध्या तासाने त्याने ब्रश खाली ठेवला.

"बाबाले किती जोर लागला असन न," तो म्हणाला, आणि कागदावर पाण्याचा एक थेंब पडला. रंगाच्या वाटीतला नव्हता तो.

मी माझा हात त्याच्या हातावर ठेवला. कामिनीआजी चक्क खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"उद्या घरी... येता का?" तो म्हणाला. "माह्यावर नाराज हायेत. तुमच्यावर नाही."

रविवारी सांजेला गेले. दुसऱ्या दिवशी पोळा. रुपराव गॅलरीत, भिंतीकडे तोंड करून. घासलेला बैल तिपाईवर. जितेंद्र त्यांच्या पायाशी बसला.

"बाबा, मी चुकलो. तुमच्या बैलाले मी हात लावाले नव्हता पाहिजे."

रुपरावांनी मान वळवली. स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. पाणी? नाही. चहा? नाही. चिडून त्यांनी डाव्या हाताने स्वतःचा खांदा चोळला... एकदा, दोनदा.

जितेंद्र ताडकन उठला. "खांदेशेकणी. आज खांदेशेकणी हाय." आतून डबे उघडत तो मला सांगत होता, "वर्षभर जू ओढलं न बैलानं... पोळ्याच्या आदल्या सांजेले त्याचा खांदा तूप-हळदीनं चोळतेत. बाबा दुसऱ्या कोणाले करू देत नव्हते."

वाटी आली. रुपरावांनी बोटं बुडवली, आणि त्या उघड्या लाकडाच्या खांद्यावर हळूहळू फिरवू लागले. ओठ हलले. वर्षानुवर्षं न फिरलेला रहाट करकरावा तसा आवाज आला.

"आज... आवतण घ्या..."

मी हे शिकले होते. साधा शब्द सापडत नाही, पण जन्मभर घोकलेलं कुठेतरी आत टिकून असतं. शिकणं वेगळं, आणि ऐकणं वेगळं.

"उद्या... जेवाले या."

दरवर्षी बैलांना दिलेलं तेच आवतण ऐकून जितेंद्र हलायचाच विसरला. मग तो हळदीने पिवळा झालेला हात बैलावरून उठला आणि लेकाच्या खांद्यावर आला. शर्टावरूनच चोळत राहिला, गोल, गोल... पाळ्या करून घरी येणारा, आंघोळ घालणारा, घास भरवणारा तो खांदा. जितेंद्रने बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं.

थोड्या वेळाने रुपरावांनी माझ्याकडे पाहिलं. "उद्या..." शब्द अडला. बोट माझ्याकडे झालं. "जेवाले."

"येईन काका," मी म्हटलं.

खाली पावसाची झिमझिम होती. जितेंद्र स्कूटरपर्यंत सोडायला आला. खांद्यावर पिवळा डाग, पुसायचं भानही नाही.

"बाबानं बोलावलं म्हणून येशील?"

आज तो पहिल्यांदा 'तू'वर आला होता. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

"त्यांनीच तर बोलावलं. तुम्ही कुठे बोलावलं?"

"महिन्याभरापासून बोलावूनच राहिलो न... तोंडातून निघत नव्हतं. बाप तसा लेक."

"बाप तर बोलले."

तो पोर्चमधून पावसात आला. समोर उभा राहिला. "उन्नती, मले तू आवडते. पोळ्यापुरती नाही. आता हे वाकडं वाटलं तर वाकडं... माहं हेच हाय."

माझ्या हेल्मेटचा पट्टा काही केल्या लागेना. त्याने हात पुढे केला, आणि मधेच थांबवला. परवानगी विचारावी तसा. मी हनुवटी वर केली. पट्टा लागला.

"पुरण कोण वाटणार उद्या?" मी विचारलं.

"मीच. आणखी कोण हाय घरी?"

"मग मी सकाळीच येते," मी स्कूटर सुरू केली. "तुझ्या एकट्याच्या भरवशावर पुरण सोडवत नाही."