नाव न घेता मारलेली हाक

मूर्तिजापुरात होती एक गोदाबाई, तिचे धनी महादेवराव, लेक विपुल आणि सून पौर्णिमा. घरात सगळं होतं, पाळणा तेवढा नव्हता. लेकाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती.

महादेवरावांचा जन्म रेल्वेचे रूळ तपासत चालण्यात गेला. रिटायर झाले तरी पाय ऐकेनात. एक दिवस म्हणाले, "कोकणचा किनारा पायी पाहून येतो. रोज एक टप्पा."

"डोस्कं फिरलं का जी तुमचं? समुद्र का आपल्या बापानं पायला होता?"

"म्हून तं जातो!"

गेले. उन्हं कलली, टप्पा संपला की फोन लावायचे. पौर्णिमा फोन धरायची, अन् त्या चिमुकल्या काचेत गोदाबाईला दिसायचं निळं पाणी, माडांची रांग, ओल्या वाळूवर धन्याच्या पावलांची लांब ओळ.

त्यांच्या घरची रीत होती. वावरातून निघताना ज्याला त्याला नावानं हाक मारायची, म्हणजे जीव मागं रेंगाळत नाही. पण नवऱ्याचं नाव कसं घ्यावं? चाळीस वर्षांत घेतलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती फोनशी तोंड नेऊन नुसतीच ओरडली, "चाला आता घरी!"

दुसऱ्या दिवशी वाळूवर दोन ओळी होत्या.

"संगं कोन हाय तुमच्या?"

"कोनी नाई. एकलाच हावो."

दुसरी ओळ पाण्यातून निघाली होती. तिसऱ्या दिवशी ती धन्यापासून हातभर. चौथ्या दिवशी अगदी चिकटून.

"पौर्णिमा... तुले दिसते का वं?"

"काय, मामीजी?" सुनेनं सासूलाच विचारलं.

पाचव्या दिवशी गोदाबाईला उमगलं. आपण बोलावलं, पण कोणाला, ते सांगितलंच नाही. तिनं लाज गिळली. "महादेवराव! तुमीच या... तुमी एकलेच..." काचेत चित्र थिजलेलं. रेंज गेली होती. शेकडो कोसांवरची ती बाई, काय करणार? मांडीवर हात ठेवून बसून राहिली.

शनिवारी महादेवराव परतले. धडधाकट, रापलेले, हसत. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग खाली पाहिलं. सारवलेल्या अंगणात त्यांच्या मागून आणखी ओली पावलं आली होती, वाळूची. ती थेट विपुल-पौर्णिमाच्या खोलीत गेली होती. बाहेर एकही आलं नव्हतं.

गोदाबाईनं फडक्यानं सगळं पुसलं.

पुढल्या महिन्यात पौर्णिमाला दिवस गेले. गल्लीभर पेढे वाटले. मुलगा झाला, गुटगुटीत. थाटात बारसं झालं. पण कितीही नावानं बोलवा, बाळ मान वळवत नसे. डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत.

परवा दिवेलागणीला महादेवराव ओट्यावर गप्पा मारत बसले होते. सवयीनं गोदाबाईच्या तोंडून गेलं, "चाला आता घरी!"

पाळण्यात बाळानं मान वळवली. दाराकडं पाहून हसलं. आणि कोणाला तरी जागा करून द्यावी, तसं एका कडेला सरकलं.