शेजारच्या सीटची स्प्रिंग

"हार्प एकटी प्रवास करत नसते, निमिया. तिला धरून बसायला कुणीतरी लागतंच."

बाबांचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. गाडी मी चालवायची आणि बाबा मागे बसायचे, हार्पला तान्ह्या लेकरासारखं कवेत घेऊन. दगडी रस्ता लागला की गुणगुणायचे –

वाटेवरल्या दगडा, हळू बोल, हळू बोल,
कुशीत निजले सूर, त्यांचा जाईल की तोल!

आता बाबा नाहीत. हार्प आहे, गाडी आहे, आणि पाराग्वेच्या गावागावांतून जाणारे ते दगडी रस्ते... ते तर आहेतच! सान रोकेच्या यात्रेत सांज उतरताना पहिली धून बाबांची असायची. गेल्या वर्षी तो मान मला मिळाला. पण पोचेपर्यंत निम्म्या तारा उतरल्या होत्या. भर गर्दीत मी खुंट्या पिळत बसले आणि पोरं शिट्ट्या मारत राहिली. यात्रेचे कारभारी डॉन एलिहियो यंदा स्पष्टच म्हणाले, "एवढ्या एका वेळी बघू, पोरी. नाहीतर दुसरा वाजवणारा आणू."

म्हणून मी राजधानीत जाऊन दुकानातले सगळ्यात महागडे शॉक अब्सॉर्बर आणून बसवले. आणि गाडी आधीपेक्षा जास्तच आपटायला लागली!

यात्रेच्या आदल्या दिवशी मी अशीच आदळत-आपटत येत होते आणि – टंण्ण! मागे तार तुटली. गाडी थांबली ती नेमकी एका गॅरेजपुढे, गुलाबी फुलांनी लगडलेल्या लापाचोच्या झाडाखाली. तिथं एका ट्रकच्या पोटातून दोन पाय बाहेर आले होते.

"कोण रडतंय तिथं?" पायांनी विचारलं.

"तार तुटलीय. आणि मी रडत नाहीये!"

"तुमचं नाही, गाडीचं विचारतोय."

पाय सरकत बाहेर आले, आणि त्यांच्यामागून गालावर ग्रीस, पापण्यांवर लाल धूळ घेऊन गॅरेजवाला देर्लिस. त्याने गाडीचा एक कोपरा दाबला, सोडला, कान देऊन ऐकल्यासारखा उभा राहिला.

"शॉकअप नवे. कडक. शर्यतीच्या गाडीला शोभतील असे. आणि स्प्रिंगा?"

"जुन्याच, बाबांच्या वेळच्या. शॉकअप भारी घातले की झालं ना?"

गॅरेजच्या दारात त्याची सिक्स्तामावशी टोपलीभर चिपा – चीज घातलेले छोटे पाव – विकत बसली होती. ती खदखदून हसली. "अगं, म्हातारीला पैलवान नवरा करून दिलास की!"

"मावशी!" देर्लिसचे कान लाल झाले. मग मला म्हणाला, "स्प्रिंग धक्का पोटात घेते. मग तिला उसळायचं असतं, तेव्हा शॉकअपनं तिला आवरायचं – पण तिच्या ताकदीला धरून. हा तर तिला नीट दबूच देत नाही. मग धक्का जातो कुठं?"

"हार्पमध्ये."

"आणि तुमच्या डोळ्यांत."

मी घाईघाईने डोळे पुसले. धूळ गेली होती, दुसरं काय!

"या गाडीजोगे मऊ शॉकअप आहेत माझ्याकडे. त्यांना जुळणाऱ्या स्प्रिंगा काढू. पण आधी सांगा, मागं काय असतं?"

"हार्प. स्पीकर. माझी पेटी."

"आणि शेजारी कोण बसतं?"

"कुणी नाही."

"कधीच?"

"हे स्प्रिंगसाठी विचारताय?"

"स्प्रिंग आजच्या वजनाला घेत नाहीत," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पुढच्या वर्षांच्या वजनाला घेतात..."

वरून एक फूल टपकन बॉनेटवर पडलं. ते त्याने उचललं नाही, मीही नाही.

दुपारभर काम चाललं. मावशी पानांवर गार पाणी ओतून करतात त्या तेरेरेचा पेला भरून फिरवत होती – आधी मला, मग त्याला. आमच्याकडे पुरे झालं की पेला परत देताना 'धन्यवाद' म्हणायचं. मग पुन्हा पेला येत नाही. देर्लिस दर खेपेला गाडीखालून बाहेर यायचा, माझ्याकडे बघत प्यायचा, पेला परत द्यायचा आणि गप्प! पानांची चव गेली, तरी गप्प.

"आता नुसतं पाणी उरलंय रे," मावशी वैतागली. "धन्यवाद म्हण आणि सुटका कर माझी!"

त्याने पुन्हा हात पुढे केला.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा दगड जणू कुणी कापसात गुंडाळून ठेवले होते. पण दुसऱ्या दिवशी तुटलेली तार बदलून हार्प चढवली आणि उजेडात बघते तर काय, गाडी माझ्या बाजूला कललेली! हार्प तर पट्ट्यांना लोंबकळत होती, लग्नात झिंगलेल्या काकासारखी. मी तणतणत गॅरेज गाठलं.

"देर्लिस! गाडी एका अंगाला झुकलीय. मला आज वाजवायचंय!"

"शेजारी कुणी नाही ना... म्हणून."

"म्हणजे?"

"त्या बाजूची स्प्रिंग जरा भारी बसवलीय. कुणी बसलं की होईल सरळ."

"कुणाच्या वजनाची?"

"अंदाजानं," तो म्हणाला, आणि त्याला एकाएकी कुठलासा पाना शोधायचा झाला.

मावशीने शेजारच्या सीटवर मँडिओकाच्या कंदांचं पोतं टाकलं. गाडी ढिम्म! मग टोपलीसकट ती स्वतः बसली. गाडी थेट दुसऱ्या अंगाला कलली.

"नाही बाई, ही माझ्यासाठी नाही!" मावशी हसत उतरली. "तू बस रे."

"मला ट्रकचं काम –"

"बस!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

तो बसला. आणि गाडी अंग सावरून हळूच सरळ झाली. मावशीने तेरेरेचा पेला डॅशबोर्डवर ठेवला. पाणी अगदी समतल! मावशीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि छातीवर क्रूस काढला. "जा," ती म्हणाली. "उशीर होईल."

दगडी रस्ता आला. पेल्यातलं पाणी थरथरलं, पण सांडलं नाही. देर्लिसने न सांगता हात मागे नेला आणि हार्पची मान धरून बसला. माझ्या ओठांवर बाबांचं गाणं कधी आलं, मलाच कळलं नाही. मी ते पुन्हा म्हटलं तेव्हा दुसरी ओळ तो हळूच माझ्याबरोबर म्हणाला... थोडा बेसूर.

चर्चपुढे फटाके फुटत होते. डॉन एलिहियो टोपी हलवत बोलावत होते. मी मागे वळून एक तार छेडली. दुसरी. तिसरी. साऱ्या जागच्या जागी, एकही उतरली नव्हती!

"लागल्यात! सगळ्या लागल्यात!" मी ओरडले.

"मग उतरा ना."

दाराच्या कडीवरचा हात मी काढून घेतला.

"नाही. आधी सांग. ती स्प्रिंग कुणाच्या वजनाची?"

"निमिया, लोक खोळंबलेत..."

"खोळंबू देत!"

त्याने डॅशबोर्डवरचा पेला उचलला, एक घोट घेतला, उरलेला माझ्या हातात दिला. धन्यवाद म्हणाला नाही. कान मात्र कालच्यासारखेच लाल.

"माझ्या," तो म्हणाला. "माझ्याच वजनाची. मला तुझ्या शेजारी बसायचंय, निमिया – आणि नुसतं यात्रेपुरतं नाही."