मिशांची दुसरी जोडी

दाढेचा तुकडा पडला म्हणून दवाखान्यात गेले आणि चुकून भलत्याच खोलीत शिरले. तिथे तो, दवाखान्याचा दात घडवणारा कारागीर, कवळी घडवत होता. हातात सुईएवढं ड्रिल, आणि हात असा स्थिर की मी दाढ विसरून आ वासून बघत राहिले.

“हे दगडावर चालेल?” मी विचारलं.

“दगड अजून कुणी आणला नाही,” तो म्हणाला. “पण निदान कुरकुर तरी करणार नाही…”

मग दर रविवारी तो माझ्या प्रयोगशाळेत यायला लागला. मी ट्रायलोबाइटवाली. ट्रायलोबाइट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात रांगणारा, कधीच नामशेष झालेला कवचाचा प्राणी. पाय सांध्यांचे, म्हणून कोळंबी, विंचू, झुरळ सगळेच त्याचे भाऊबंद. पण सख्खं कोण आणि चुलत कोण, यावरून आम्ही शास्त्रज्ञ हमरीतुमरीवर येतो. कोळंबीला मिशांच्या दोन जोड्या, ट्रायलोबाइटला आजवर एकच दिसलेली. “दुसरी सापडली ना, तर तो कोळंबीचा सख्खा ठरेल आणि माझं आयुष्य मार्गी लागेल,” हे मी त्याला सतत ऐकवायचे. तो दगडातला जीवाश्म कोरता कोरता माझ्याकडे बघायचा… मी बघितलं की ड्रिलकडे.

एका रविवारी दुसरी जोडी निघाली! मी त्याचे दोन्ही हात धरून नाचले. त्याने नजर चुकवली. मला वाटलं, लाजला. हाव अशी, की भिंगाखाली नीट तपासण्याचंही मला सुचलं नाही.

त्या शोधावरचं परिषदेतलं माझं भाषण पाच मिनिटांवर असताना त्याने मला दाराशी गाठलं.

“मॅडम, ती दुसरी जोडी… मी बसवलीय. कवळीच्या मटेरियलची.”

“का?”

“तुम्ही दर रविवारी इतक्या हिरमुसायच्या… मला बघवेना.”

“अरे मूर्खा, माझी दहा वर्षं आहेत ही!” रागाच्या भरात मी अरेतुरेवर आले. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

मी व्यासपीठावर चढले. गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं? पण तोंडातून खरंच निघालं. “दुसरी जोडी बनावट आहे. मी तपासली नाही, चूक माझी.” पहिल्या रांगेत आमच्या सरांनी कपाळाला हात लावला. कुणीतरी ओरडलं, “बनवली कुणी?” मी ओठ घट्ट मिटले.

“मी,” मागून आवाज आला. तो उभा होता, भर सभेत, घामाघूम. “मॅडमना माहीत नव्हतं. माझं त्यांच्यावर प्रेम आहे, म्हणून अक्कल गहाण पडली.”

दोनशे शास्त्रज्ञ माना वळवून बघत होते.

बाहेर पायऱ्यांवर तो मान खाली घालून म्हणाला, “आता तोंड दाखवू नको म्हणाल ना?”

“रविवारी ये. ती जोडी तूच काढायचीस, माझ्यासमोर.” मी त्याच्यावर बोट रोखलं. “पुन्हा खोटं चालणार नाही. मी रडले तरी नाही.”

“नाही… आणि काढून झाल्यावर?”

“भर सभेत खरं बोललास ना, मग आता माझ्या आईला भेटायचं. जावई म्हणून.”

तो मटकन पायरीवरच बसला.