धप्प उडीचा बाण

उद्या राज्य संघाची निवड चाचणी, आणि नेमक्या आजच ओगले आजोबांना हिंदवीच्या उड्या कशाला मोजायच्या होत्या? कुठेतरी पाणी मुरत होतं. आजोबा निवृत्त शास्त्रज्ञ खरे, पण त्यांची नात सानिका हिंदवीच्याच तालमीच्या मल्लखांब संघात पहिली राखीव होती. हिंदवी बाहेर म्हणजे सानिका आत! त्यात हिंदवीचा उजवा गुडघा पंधरा दिवस ठणकत होता, आणि तिने ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

प्रयोगशाळेत आजोबांनी तिच्या घोट्यांवर, गुडघ्यांवर, कमरेवर चकचकीत टिकल्या चिकटवल्या.

"ह्या कशाला?" तिने डोळे बारीक करून विचारलं.

"भिंतीवरचे सोळा कॅमेरे सेकंदाला दोनशे वेळा ह्या टिकल्या टिपतात. टिकली किती सरकली त्यावरून वेग कळतो. वेग किती झपाट्याने बदलला, ते त्वरण (वेग बदलण्याचा दर). त्याला वस्तुमानाने गुणलं की बल मिळतं. खालची बलपट्टी (पायाचा जोर मोजणारी फळी) त्याची खातरजमा करते."

'म्हणजे चुगलखोरच!' हिंदवी मनात म्हणाली.

तिच्या तालमीत उतरताना जितका आवाज मोठा, तितक्या टाळ्या जास्त. ती बलपट्टीजवळच्या मल्लखांबावर चढली आणि ताठ पायांनी पट्टीवर उतरली. धप्प! पडद्यावर तिच्या पायांखालून बल दाखवणारे दोन तांबडे बाण उसळले. दोन्ही मिळून वजनाच्या आठपट! गुडघ्यातून कळ गेली, तरी ती हसली. आजोबांनी नुसता चष्मा पुसला. ते तर तिला जास्तच संशयास्पद वाटलं.

आता यंत्रालाच गंडवायचं, असं तिने ठरवलं. दुसऱ्या वेळी ती मांजरीच्या पावलांनी उतरली. आधी चवडे, मग टाचा, मग गुडघे आणि कंबर दुमडत. बाण जेमतेम कमरेएवढे. तिप्पटच! आणि कळ आलीच नाही.

"फसवलंस की मला!" आजोबा म्हणाले. "उंची तेवढीच, वेग तेवढाच. मग बाण आखूड का?"

हिंदवीला झाडावरून टाकलेला आंबा आठवला. झेलताना हात खाली नेले नाहीत, तर तळवे झणझणतात. "मी थांबायला जास्त वेळ घेतला?"

"शाब्बास! वेळ वाढला की बल कमी. ताठ पायांनी सगळा दणका एका क्षणात बसतो, तोही तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला."

"गुडघ्याचं तुम्हाला कळलं होतं?"

"शंका होती, म्हणून तर आज बोलावलं. खात्री पहिल्याच उडीला पटली. उजवा बाण डाव्यापेक्षा लहान होता. तू तो पाय वाचवत होतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"राखीव खेळाडूच्या आजोबाने सांगितलं असतं, तर ऐकलं असतंस?"

हिंदवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आजच तालमीच्या सरांना सांग, डॉक्टरांना दाखव," आजोबा मऊ आवाजात म्हणाले. "पुढे प्रत्येक तालमीत अशी पट्टी असेल बघ. मग कुणाला दुखणं लपवावं लागणार नाही."

टिकल्या काढता काढता हिंदवी थांबली. "सानिकाची उडी मोजलीत?"

"ती माझं ऐकते कुठे!"

"तीही धप्पच उतरते. थांबा, सरांना सांगते आणि तिला घेऊन येते. उद्या माझ्याऐवजी तिला उतरावं लागलं, तर?"