कोपऱ्यातला बाइंडर

मावशीच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला ती दवाखान्यात गेली, आणि बाकावर मास्क लावून बसलेला आपल्या कारखान्यातला बाइंडर बघून जागीच थबकली.

"तुम्ही? मालक तर म्हणाले, सुट्टीवर आहात..."

"लांब बसा," तो म्हणाला आणि त्यानं मान भिंतीकडे फिरवली.

झालं! इथंही तेच. पुस्तकबांधणीच्या त्या कारखान्यात ती घडी घातलेल्या पानांचे फर्मे शिवायची, तो त्यांना पुठ्ठे चढवायचा. कागद उडतात म्हणून खिडक्या सदा बंद; पण त्या कोंदट खोलीतही त्याच्या थट्टेवर तिचा दिवस मजेत जायचा. मग एकाएकी स्वारीनं आपलं टेबल पार कोपऱ्यात नेलं. चहासुद्धा एकट्यानं प्यायला लागला. आणि मालकांच्या मागे लागून तिची जागा मात्र खिडकीशी करून घेतली, खिडकीही उघडायला लावली! हा माणूस चिडलाय की काळजी करतोय? तिला काही कळेना. झोपेचं पार खोबरं झालं होतं.

"माझं काय चुकलं, ते तरी सांगा."

"तुमचं काही नाही हो. मला टीबी झालाय. खोकला थांबेना, तेव्हाच शंका आली होती. तुम्हाला लागू नये म्हणून..."

तिला भरून आलं, मग राग आला, मग पुन्हा भरून आलं.

"मग तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी कारखान्यातल्या सगळ्यांना तपासलं. सगळे ठणठणीत निघाले. चहाच्या कपानं हा आजार पसरत नाही, असंही बाईंनी बजावलं.

काही आठवड्यांनी तो कामावर परतला. आता याच्यापासून कुणाला धोका नाही, फक्त गोळ्या पूर्ण करायच्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी स्वारी कोपऱ्यातच! आता मात्र तिचं डोकं चालेना. सुई ठेवून ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी नकोशी झाले असेन, तर सांगून टाका. उगाच घोळात ठेवू नका."

"नकोशी?" त्याचे कान लाल झाले. "आजारी होतो तेव्हा गप्प राहायला सबब होती... आता तीही गेली. शेजारी बसलो, तर बोलून जाईन."

"काय बोलून जाल?"

"हेच — की तुमच्याशिवाय करमत नाही."

तिला हसू आलं आणि रडूही. काय करावं सुचेना, म्हणून ती त्याच्यावर डाफरली.

"एकही गोळी चुकवलीत, तर याद राखा! मला तुम्हाला म्हातारं झालेलं बघायचंय."