मी धरस, तू काढ

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी उज्ज्वला बाजारात निघाली ती साध्या कामासाठी. एक लाल घागर, एक डांगर आणि मिळाले तर बऱ्यापैकी आंबे. डांगर म्हणजे आपलं खरबूज. खान्देशी माणूस सुरतेत येऊन लोचो खायला शिकला, शेठला ‘केम छो’ म्हणायला शिकला, पण घागरीवर ठेवायच्या डांगराला खरबूज म्हणायला काही अजून शिकला नाही.

घागर त्या वर्षी चुकवून चालणार नव्हती. घरातलं माणूस गेलं की त्यानंतरच्या आखाजीला त्याच्या नावाची घागर भरतात, वर डांगर ठेवतात, पुरणपोळी आणि आंब्याच्या रसाचं पान वाढतात, आणि विस्तवावर त्याच्या नावाने घास टाकतात. त्याला आगारी म्हणतात. ती मिळाली की गेलेलं माणूस पितरांच्या पंगतीला बसतं, नाही तर दारात ताटकळत राहतं. उज्ज्वलाची सासू, उषाबाई, थंडीत गेली होती.

उज्ज्वलाचा नवरा ललित सकाळीच उधना स्टेशनवर गेला होता. त्याची बहीण सुवर्णा माहेरी यायची होती. सहा वर्षांची पोर गायत्री, घरात सगळे तिला गायू म्हणत, शेजारच्या सरलाबाईंकडे खेळत होती. ‘जरा लक्ष ठेवा हो,’ असं सांगून, दाराला बाहेरून कडी घालून उज्ज्वला निघाली.

भुताची गोष्ट म्हटली की लोक अमावस्या मागतात, वड मागतात, निदान एखादं घुबड तरी. आमच्याकडे त्यातलं काही नाही. नवागामची गल्ली, डोक्यावर वैशाखातलं ऊन आणि दहा बाय बाराची एक खोली. त्या खोलीत एकच मोठी वस्तू होती, पेटी पलंग. झाकणावर गादी घालून झोपायचं आणि झाकणाखाली आख्खा संसार भरायचा. गोधड्या, गव्हाचं पोतं, बिबड्यांचे म्हणजे ज्वारीच्या पापडांचे डबे, लग्नातली भांडी, सगळं त्या पोटात.

पलंग जुना घेतलेला. पदरी पडलं पवित्र झालं. झाकण उघडं धरून ठेवायला त्याला स्प्रिंगचा एक दांडा होता. झाकण वर केलं की दांड्याने ते तोलून धरायचं आणि माणसाने दोन्ही हातांनी आत वाकायचं. पण तो दांडा पहिल्याच पावसाळ्यात गंजून मोडला आणि त्याची नोकरी उषाबाईंनी धरली.

म्हातारीला दुसरं काम उरलं नव्हतं. डोळे अधू, गुडघे गेलेले, भाकरी थापायला बसली तर उठवायला दोन माणसं लागायची. पण उज्ज्वलाने गादी बाजूला केली रे केली की ती भिंत धरत धरत यायची. झाकणाखाली दोन्ही तळवे लावायची आणि म्हणायची, “मी धरस, तू काढ.” वजन खरं तर उज्ज्वलाच डोक्याने पेलत असे, पण ते तिने सासूला कधी कळू दिलं नाही. काम झालं की म्हातारी झाकण सोडायची तेही अशा बेताने, की आतली कपबशीसुद्धा वाजू नये.

ती गेल्यावर झाकण धरायला कोणी राहिलं नाही. मग ललितने अक्कल चालवली. ललित लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, फिटर. लूमवाल्यांच्या घरात काही मोडलं तर दुकानात कोण जातो? खात्यातला भंगारातला तुकडा आणायचा आणि ठोकायचा. पंख्याला लूमचा बोल्ट, दाराला लूमची पट्टी, तसा पलंगाला लूमचा स्प्रिंग. जाडजूड, काळाकुट्ट. त्याने तो आकड्यांनी झाकणाला आणि पेटीला अडकवला, मोडक्या दांड्याच्या जागी एक लोखंडी पट्टी टेकवली आणि हात झटकत म्हणाला, “आता हत्ती बसला तरी पडणार नाही.”

हत्ती बसायची वेळच आली नाही. झाकण आपलं आपण पडायला लागलं. आधी गोधडीचा कोपरा सापडला, मग डब्याचं झाकण चेपलं, आणि मग एकदा उज्ज्वलाचं मनगट थोडक्यात वाचलं. पडायचं तेही कसं, तर कोणीतरी आतून हिसका दिल्यासारखं. “अहो, हे मला खरं दिसत नाही,” ती म्हणाली. “आखाजी होऊ दे, मग बघतो,” तो म्हणाला. गायूला मात्र तिने सक्त ताकीद दिली, पलंगाला हात लावायचा नाही. त्या पोरीला लपायचं भारी वेड आणि त्या पेटीच्या फळ्या एकीला एक चिकटलेल्या. झाकण मिटलं की आत वारा शिरायला फट नाही, ही भीती उज्ज्वलाच्या मनात रात्रंदिवस होती.

बाजारात गर्दी होती. घागर मिळाली, डांगर मिळालं, आंबे जरा कच्चेच मिळाले. घागर कमरेवर घेऊन ती गल्लीत शिरली तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. समोरचं खातं त्या दिवशी बंद होतं. कामगार सगळे गावी गेलेले, शेठ एकटा काय लूम चालवणार? बारा महिने ज्या खटखटीत ती गल्ली जेवते, भांडते आणि झोपते ती खटखट नव्हती. उज्ज्वलाला आपल्या चपलांचा आवाज ऐकू येत होता.

“सरलाबाई, गायूला पाठवा हो,” तिने दारातूनच हाक दिली.

सरलाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली. “अय माय, ती ते मघाशीच घर गई!”

“घरी? कुलूप नाही, पण कडी होती बाहेरून...”

“तुना घरमातून हाक उनी ना. ‘गायू, ये’ म्हणे. माले वाटनं तूच उनी.”

उज्ज्वलाने घागर तिथेच सरलाबाईच्या ओट्यावर टेकवली.

दाराची कडी निघालेली होती. दार लोटलेलं होतं, सताड उघडं नव्हतं. तिने ते हाताने ढकललं. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, खोलीतलं काही दिसेना. आधी आला तो वास. मिसरीचा वास... तव्यावर करपवलेल्या तंबाखूचा, कडवट. उषाबाई रोज सकाळी दातांना लावायची ती मिसरी. तिचा डबा तिच्या दहाव्याला तापीत सोडला होता.

“गायू...” उज्ज्वला हळूच म्हणाली.

कुठेतरी लोखंडाचा बारीक आवाज येत होता. किर्र... किर्र... थांबून थांबून.

मग डोळे सरावले आणि तिला पलंग दिसला. गादी व्यवस्थित वळकटी करून भिंतीशी ठेवलेली. पलंगाचं झाकण उघडं. पुरतं उघडं नाही, अर्धंच. तिरकं, पेटीवर वाकलेलं. आणि आत, आजीच्या गोधडीवर, गायू कुशीवर झोपलेली. तिचा एक हात पेटीच्या काठावर होता, जिथे झाकण येऊन बसतं नेमका तिथे.

उज्ज्वला पुढे धावलीच असती, पण तिला तो स्प्रिंग दिसला. वरचा आकडा लाकडातून उपटून आला होता. स्प्रिंग पेटीच्या कडेला नुसता लोंबत होता आणि हलत होता, किर्र किर्र करत. लोखंडी पट्टी जमिनीवर पडली होती.

म्हणजे झाकणाखाली काहीच नव्हतं.

तिची पाचावर धारण बसली. ललितला, धट्ट्याकट्ट्या माणसाला, एका हाताने न उचलवणारं ते झाकण पोरीच्या मनगटावर नुसतं हवेत थांबलं होतं. ओरडावं तर पोर दचकून उठेल, डोकं वर करेल. हात घालावा तर धक्का लागेल. आणि नाही घालावा तर... आतापर्यंत थांबलं ते आणखी किती थांबेल?

झाकण थरथरलं. अगदी थोडं. दमलेल्या माणसाचे हात थरथरतात तसं.

तेव्हा तिच्या तोंडातून जे निघालं ते तिने ठरवून म्हटलं नव्हतं.

“आई... तुम्ही धरा. मी काढते.”

थरथर थांबली.

ती वाकली. झाकणाखाली खांद्यापर्यंत गेली. आत गार होतं. बाहेर वैशाख भाजत होता आणि त्या लाकडाच्या पेटीत माठाजवळ बसल्यासारखा गारवा होता. मिसरीचा वास तोंडाशी आला. तिने आधी पोरीचा हात काठावरून उचलला, मग एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली. “अजून थोडं... अजून थोडंच, आई...” पोर झोपेत जड झाली होती. तिचा झगा पोत्याच्या सुतळीत अडकला. उज्ज्वलाने तो सोडवला नाही, ओढला. टर्र झालं. पोर बाहेर आली.

उज्ज्वला तिला छातीशी धरून मागे मागे सरकली, पाठ भिंतीला लागेपर्यंत.

“सोडा आता,” ती म्हणाली.

आणि झाकण खाली आलं. धाडकन नाही. हळूहळू, बेताने, आतली कपबशीसुद्धा वाजू नये असं.

गायूने डोळे उघडले. “आई, झगा फाटला,” ती म्हणाली आणि उज्ज्वला जी रडायला लागली ती सरलाबाई येऊन पाणी देईपर्यंत थांबली नाही. जीव भांड्यात पडला म्हणतात तो कसा पडतो ते तिला त्या दिवशी कळलं.

ललित बहिणीला घेऊन आला तो या गलक्यातच. “काय जयं? पोर कोठे शे?” पोर दिसली, हसताना दिसली, तेव्हा त्याने श्वास सोडला. मग सगळं ऐकलं आणि पलंगाशी जाऊन बसला. निखळलेला स्प्रिंग हातात घेऊन त्याने तो ताणला, सोडला, पुन्हा ताणला. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला.

“हा ओढायचा स्प्रिंग आहे,” तो म्हणाला. “लूमची दांडी फटका मारून गेली की तिला मागे ओढून आणतो. धरत नाही, ओढतो. मी रोज हाताळतो हा... आणि इथे लावला. मीच झाकण खाली ओढायला लावून ठेवलं होतं, उज्ज्वला.”

सुवर्णाने भावाच्या पाठीवर हात ठेवला. “माय होती म्हणून,” ती म्हणाली. “मायने नात राखली.”

सगळ्यांना तेच वाटत होतं. ललितने तो स्प्रिंग उचलला आणि बाहेरच्या कचऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हाताने टाकून आला. पलंगाला त्याने चारी बाजूंनी मोठाली भोकं पाडायला घेतली तेव्हा सुवर्णा ओरडली, “अरे, आधी घागर भर, मग सुतारकी कर!” आणि घरात पहिल्यांदा हसू फुटलं.

घागर भरली. डांगर ठेवलं. सरलाबाईने आपल्या घरचा पिकला आंबा आणून दिला. ललितने गोवरीच्या विस्तवावर तूप सोडलं, आईचं नाव घेतलं आणि घास टाकला. धूर सरळ वर गेला. सगळे जेवायला बसले आणि इतक्या महिन्यांत जेवले नव्हते तसे जेवले. गायूच्या कोपरापर्यंत रस आला होता. उज्ज्वला तिच्याकडे पाहायची, पुन्हा पाहायची आणि प्रत्येक वेळी तिला घरातलं सगळं आवडायचं, कच्चे आंबेसुद्धा.

“काय गं गायू,” सुवर्णाने लाडाने विचारलं, “आजीने हाक मारली होय तुला?”

“हो ना. झाकण उघडंच होतं. आजी लपली होती.”

“आणि मग आजीने झाकण धरून ठेवलं. शाबास आजी!”

गायूने बोट चाटलं आणि मान हलवली. “नाही. आजी तर आत होती, माझ्याजवळ. गोधडीवर. आम्ही दोघी होतो.”

ललितचा हात पोळीवर थांबला.

“मग...” उज्ज्वलाचा आवाज एकदम खाली आला. “मग झाकण कोणी धरलं होतं, बाळा?”

“मी पण तेच विचारलं आजीला. बाहेरून नुसते हात दिसत होते. आजी म्हणाली, ‘माले काय माहीत? कोनी बी ऱ्हावो, धरेल शे ना? झोप तू.’”

आणि तिने वाटी पुढे केली. “रस.”

सुवर्णाने रस वाढला. ललित उठून दार लावून आला, मग काही विचार करून पुन्हा उघडून ठेवलं त्याने. कोणी कोणाकडे बघेना.

उज्ज्वला मात्र उठली. विस्तव अजून लाल होता. तिने पोळीचा तुकडा मोडला, रसात बुडवला, वर तूप घातलं. पोर जिवंत समोर बसली होती आणि ज्याने ती दिली त्याला उपाशी पाठवणं तिच्या हातून होणार नव्हतं, मग तो कोणी का असेना. आगारीला नाव घ्यावं लागतं. तिला नाव ठाऊक नव्हतं. ती नुसतंच म्हणाली, “घ्या,” आणि हात पुढे केला.

हात विस्तवापर्यंत पोचायच्या आतच तिच्या बोटांतला घास कोणीतरी अलगद काढून घेतला.